तुळईचं पश्चिमेकडचं टोक

मुळशी,
शुक्रवार, ता. ९ ऑगस्ट १९६३

प्रिय दादा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. 'प्रिय' हेही तंतोतंत खरं नाही, पण कागदाला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

हे पत्र शेजारच्या वाडीतला गेणबा सुतार तुझ्या हातात देईल. पोस्टाने पाठवलं असतं तर रविवारनंतर पोचलं असतं, म्हणून त्याला उद्या सकाळच्या एस.टी.ने पाठवतेय. तू दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसला असशील तर आधी ऊठ, व्हरांड्यात ये आणि मग पुढचं वाच. तुझ्या डोक्यावरची तुळई पश्चिमेकडच्या टोकाला कुजली आहे. वरून नाही, आतून. आणि ही गोष्ट मला पाच वर्षांपासून माहीत आहे. गेणबा मान खाली घालून उभा राहील, त्याला पाणी द्यायला सांग. त्याच्या पिशवीत दाभण आहे, हातोडी आहे आणि करवतही आहे. करवत बघून आरडाओरडा करू नकोस, घरात बाळंतीण आहे.

माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस हे धरूनच चालते. म्हणून तुझं तूच तपासून बघ. तिसरीच्या पोरांना त्रैराशिक समजावते तसं समजावून सांगते. स्टुलावर चढ. चढवत नसेल तर ड्रायव्हरला चढव, पण कान तुझा असू दे. तुळईच्या मधोमध हातोडीने हलकेच ठोक. खणखणीत आवाज येईल, तुझ्या भाषणासारखा. मग ठोकत ठोकत पश्चिमेच्या भिंतीकडे जा. भिंत दोन हातांवर आली की आवाज बदलेल. भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. तिथे रंगाच्या पापुद्र्यावर दाभण टेकवून दाब. शाबूत लाकडात दाभण नखाएवढंही शिरत नाही. इथे चार बोटं जाईल आणि तुला जोरही लावावा लागणार नाही. बाहेर काढून वास घे. पावसाळ्यात ओलं गोणपाट कोपऱ्यात विसरलं की येतो तो वास. रंग खरवडलास तर आतलं लाकूड तपकिरी झालेलं आणि आडवंउभं तडकून वडीसारखे चौकोन पडलेलं दिसेल. त्यातला एक तुकडा बोटांत चुरड, त्याची तपकीर होईल. वाळवी आहे म्हणून समजूत काढू नकोस. गेणबाने अठ्ठावन्न सालीच मला सांगितलं होतं, "बाई, वाळवी आसती तर बरं झालं आसतं. वाळवी मातीचा रस्ता करून येती, सांगून खाती. ह्ये न सांगता खातंय."

ही तुळई आली कशी, ते तू सभांतून इतक्यांदा सांगितलं आहेस की खरं काय झालं ते एकदा कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तुझ्या भाषणात धरणाचं पाणी चढत असतं, आबा आणि तू छातीएवढ्या पाण्यातून तुळई खांद्यावर घेऊन निघता, आणि तुझा खांदा सोलून निघतो. दादा, तू तेव्हा पुण्याला बोर्डिंगात होतास. माझ्या आठवणीत तिथे तुझा खांदा सोड, टोपीसुद्धा नाही. मी दहा वर्षांची होते आणि काठावर पाण्याचा हंडा घेऊन उभी होते. पाणी चढलं तेव्हा आम्ही फक्त भांडीकुंडी घेऊन पळालो. तुळई दोन वर्षं पाण्याखालीच होती. वैशाखात तळं उतरलं, जुन्या गावाच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, गाळात नुसते खांब आणि ही तुळई उभी राहिलेली. आठ माणसं आणि दोन बैलजोड्यांनी ती ओढून वर आणली. पाण्याखाली लाकडाला काही होत नाही, वारा लागत नाही ना! आबा म्हणाले होते, हिला दोन उन्हाळे सावलीत पडू द्या. पण आपण झोपडीत राहत होतो, आणि ताम्हिणीकडून ढग यायला लागले होते. महिन्याच्या आत ओलीच तुळई चढवली आणि दोन्ही टोकं ओल्या मातीच्या भिंतीत चिणली. "घाई झाली," असं आबा नंतर कितीदा तरी म्हणायचे. आणि ती ऐनाची आहे. सागाची ती तुझ्या भाषणात झाली.

तरी पंचवीस वर्षं तिला काही झालं नाही. कारण खाली चूल होती. दिवसरात्र धूर लागून तुळई काळीकुळकुळीत झाली होती, हात लावला तर काजळी लागायची. ना ओल टिकायची, ना कीड. मग तू पुढारी झालास. बावन्न साली तुझ्याबरोबर मोटारीतून पाहुणे यायला लागले आणि तुला काजळीची लाज वाटायला लागली. चूल मागच्या पडवीत हलवलीस. माणूस लावून काजळी खरवडलीस आणि चॉकलेटी तेलरंगाचे तीन हात दिलेस. पुढे दर दिवाळीला आणखी एक. आतली ओल आत कोंडली, बाहेरचा धूर बंद. वर तू तिच्यावर हात फिरवून पाहुण्यांना म्हणायचास, "बघा, अजून कशी तुकतुकीत आहे." रंग तुकतुकीत होता, दादा. असं काही आपल्याकडेच होतं. जी वस्तू आपण वापरत असतो ती टिकते, तिची पूजा सुरू केली की ती खलास.

अठ्ठावन्नच्या वैशाखात मी झाडताना पश्चिमेच्या कोपऱ्यात तांबूस भुकटी बघितली. रोज झाडायची, रोज पडायची. गेणबाला बोलावलं. त्याने ठोकलं, गिरमिटाने भोक पाडलं, आणि आतून आलेला भुगा माझ्या तळहातावर ठेवला. भुगा नव्हताच तो, ओलसर पीठ. त्याने उपाय सांगितला तो असा. आधी वरची कौलं नीट करून पाणी बंद करायचं. तुळईला टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं, आवाज खणखणीत लागेल तिथपर्यंत आणि वर आणखी एक हात, कारण कूज दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. कापलेला तुकडा अंगणात जाळायचा, सरपणात ठेवायचा नाही. सुक्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधायचा, लोखंडी पट्ट्या आवळायच्या, टोकाला गरम डांबर. ते टोक मातीत चिणायचं नाही, सपाट दगडावर बसवून भोवती बोटभर जागा वाऱ्याला सोडायची. आणि तेलरंग कधीच नाही. चार दिवसांचं काम होतं.

आबांना तेव्हा दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. ठोकण्याचा आवाज ऐकूनच ते म्हणाले, "गेलं की रं टोक! काप." मी म्हटलं, दादाला विचारते. तर म्हणाले, "त्याला काय इचारायचं? लाकूड हाय ते, द्येव न्हाई. म्या आणलंय, म्या सांगतोय, काप." तरी मी तुला विचारलं. माझ्या हातून घडलेली ही एक चूक, ती मी तुझ्या नावावर टाकत नाही. तुझं पत्र आठव्या दिवशी आलं. छापील कागदावर, नावाखाली हुद्दा. "तुळईला करवत लावाल तर घराण्याचं नाक कापल्यासारखं होईल. मी त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही." ते मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याच्या नाकाला टेकू द्या म्हणावं." गेणबा हत्यारं गुंडाळून गेला.

श्रावणात टोक वीतभर खाली बसलं. कौलं सरकली, फट पडली, पाणी भिंतीत मुरलं. मी शाळेत होते, दुपारची. भिंतीचा वरचा अर्धा भाग आत कोसळला तो आबांच्या अंथरुणावर. कमरेपासून खाली. नऊ दिवस जिवंत होते ते, तुला आठवत असेल, कारण त्यातल्या सहाव्या दिवशी तू मोसंबी घेऊन आला होतास आणि मोटार चिखलात रुतेल म्हणून चारला परत गेलास. ते रात्रंदिवस कण्हत होते असं मी तुला कळवलं नव्हतं. आज कळवते. शुद्धीत असले की मला एकच विचारायचे, "कापलं का गं टोक?" मी हो म्हणायचे.

दहाव्याला तू भाऊबंदांसमोर सांगितलंस की उंदरांनी भिंत पोखरली होती, गोजराचं घराकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विधवा बाई, नोकरी करते, घर कुठून बघणार! मी मान खाली घातली. पौडच्या शोकसभेत म्हणालास, "ज्या तुळईखाली ते जगले, तिच्याच छायेत त्यांनी देह ठेवला." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग भिंत नवी बांधलीस, रंगाऱ्याकडून तुळईच्या भेगांत लांबीचा लगदा भरून घेतलास आणि वर रंगाचा आणखी एक हात.

गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर तू मुंबईचं एक गिऱ्हाईक घेऊन आलास. त्याला तळ्यासमोर विश्रांतीचं घर हवं होतं. तो अंगणात उभा राहून तळ्याकडे बघत होता आणि तू आत येऊन मला म्हणालास, "गोजरा, तुला पौडात खोली बघून देतो. शाळेला जवळ पडेल." शाळा इथे, खोली पौडात. जवळ कुणाला पडणार ते मी विचारलं नाही. विधवा होऊन परत आल्यापासून सत्तावीस वर्षं मी ज्या घरात राहिले, आबांचं हगलंमुतलं जिथे काढलं, तिथून मला उठवायला तुला एवढंच वाक्य पुरलं. मी चहा केला. साखर जास्त टाकली, तुला आवडते तशी.

तू गेल्यावर मी तुला दोन ओळी लिहिल्या. "बहिरूअण्णा येऊन गेले. धरणग्रस्तांच्या सभागृहाला आपली तुळई हवी म्हणतात. तुझी संमती असेल तर देऊन टाकते." बहिरूअण्णा आले नव्हते, दादा. त्या म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे ओटासुद्धा उतरवत नाही. पण सभेत तुझ्यानंतर बोलून टाळ्या घेणारा तो एकटाच, आणि मी तुला लहानपणापासून ओळखते. तुझा भोवरा शेजाऱ्याने मागितला की तुला तो लगेच खेळायला हवा व्हायचा. तिसऱ्या दिवशी तू हजर. "तुळई माझी. ती माझ्या नव्या बंगल्यात जाईल. घराचं काय ते तू बघ." पौडच्या कचेरीत आपण कागद केला. तुळई तुझी, घर माझं. सही करताना तू माझ्याकडे बघून हसलास. वेडी बाई, मातीच्या भिंती घेऊन इतिहास देऊन टाकतेय. मीही हसले. गेली चार वर्षं मी हसले नव्हते, म्हणून तुला ते जरा वेगळं वाटलं असेल.

आदल्या दिवशी गेणबाला बोलावून गिरमिटाचं भोक मेण आणि भुश्शाने बुजवून घेतलं होतं. तो करत नव्हता. शेवटी म्हणाला, "करतो. पण ह्ये पाप माझ्या हत्याराचं न्हाई बाई, तुमच्या जिभेचं हाय." मी म्हटलं, हो, माझ्या नावावर घाल. ट्रक आला तेव्हा तू नारळ फोडलास, बायकांनी तुळईला कुंकू लावलं. मीही लावलं. पश्चिमेकडच्याच टोकाला लावलं.

तुझ्या पुण्याच्या गवंड्याने तिला विटांत, सिमेंटात गच्च चिणली, वाऱ्याला सुईएवढी वाट ठेवली नाही. कुजलेलं टोक पुन्हा पश्चिमेकडेच. ते मी सांगितलं नव्हतं, ते तुझं तूच केलंस. वरून छपराचा भार, खाली पितळी पाटी, 'शंभर वर्षांचं सागवान'. आणि पाटीखाली तुझी आरामखुर्ची. भाऊबीजेला मी आले होते. त्या टोकाला रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुतला होता. चंद्रावहिनी खुर्चीचे हात पुसत म्हणाली, "ह्यांची तपकीर बाई, रोज सांडते." तू तपकीर ओढत नाहीस, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नाही की कळूनही बोलायची सोय नाही, कोण जाणे. मी तुला तिथेच, त्या खुर्चीत बसवून ओवाळलं. माझी नजर तुझ्या कपाळावर नव्हती, वर होती. औक्षणाचा दिवा तीनदा फिरवला आणि मनात मोजत होते, एक पावसाळा, फार तर दोन. वहिनीचं काय होईल, हा विचार मला आला नाही असं नाही. आला. मी त्याला दारातल्या दारात चहा पाजून वाटेला लावला. तू मला साडी दिलीस. चांगली आहे, नेसते मी.

हे सगळं वाचून तू म्हणशील, कागद रद्द करतो, कोर्टात खेचतो. खेच. कागदावर लिहिलंय, तुळई पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली. हे वाक्य मीच घालायला लावलं होतं, आणि तू वाचलं नाहीस. आणि कोर्टात उभा राहिलास तर तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल की तुळई कुजली होती. कधीपासून, असं वकील विचारेल. मग अठ्ठावन्न सालचं छापील कागदावरचं तुझं पत्र मी पुढे करीन. ते माझ्या ट्रंकेत आहे, आबांच्या फेट्यात गुंडाळून. त्यामुळे घरातून मला तू उठवणार नाहीस, एवढं आता नक्की.

मग मी हे का लिहिलं? तुला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही. पण आज दुपारी वहिनीचं पत्र आलं. जयाला मुलगा झाला, रविवारी बारसं आहे, आत्याने नक्की यावं. आणि पुढे मोठ्या कौतुकाने लिहिलंय की पाळणा तुळईलाच टांगायचा, असा यांचा हट्ट आहे, म्हणून खिडकीजवळ, वारं लागतं तिथे, पश्चिमेच्या बाजूला दोन कड्या बसवून घेतल्या. "सुतार म्हणाला, लाकूड इतकं छान मुरलंय की कडी लोण्यात गेल्यासारखी गेली." दादा, ते वाचलं आणि मी शाळा अर्ध्यावर सोडून गेणबाच्या घरी गेले. दोन मैल. बाळाने माझं काही वाकडं केलेलं नाही, त्याचं नावसुद्धा अजून ठेवायचंय. तेव्हा पाळणा अंगणात मांडव घालून टांगा, जयाला मागच्या खोलीत हलवा आणि बाळ घरात आहे तोवर दिवाणखान्याला कुलूप लावा. टोक कापायचं असेल तर गेणबा चार दिवसांत कापून देईल, तो त्यासाठीच आला आहे. पण मला तू माहीत आहेस. चार पाहुण्यांसमोर त्या पाटीखाली करवत चालवायची म्हटलं की तुला घराण्याचं नाक आठवेल, आणि तू गेणबाला परत पाठवशील. पाठव. बाळ घेऊन जया सासरी गेली, वहिनीलाही तिच्याबरोबर चार महिने धाडलंस, की कुलूप काढ आणि खुशाल आत जाऊन बस. त्यानंतर मी तुला पुन्हा लिहिणार नाही.

तुझीच, आणि आबांची त्याहून जास्त,
गोजरा